जुनी मोटार आणि रंगाखालचा गंज

पुण्याहून सोलापूरकडे निघालात आणि टेंभुर्णी मागे टाकून मोडनिंबच्या आसपास आलात, की हमरस्त्याच्या कडेला एखाद्या लिंबाखाली नाहीतर धाब्याच्या अंगणात एखादी मोटार उभी दिसते. धुऊन-पुसून आरशासारखी केलेली. मागच्या काचेला आतून पुठ्ठा लावलेला असतो : ‘गाडी विकणे आहे’. जाणारा-येणारा थांबतो, बोनेट उघडून इंजिन चालू करायला लावतो, कान देऊन ऐकतो, टायरला एक लाथ मारून बघतो आणि किंमत विचारतो. गाडी किती पळाली, ॲव्हरेज किती देते, टायर कधी घातले, हे सगळे प्रश्न होतात. गाडीचा पत्रा आतून शाबूत आहे का, हा प्रश्न मात्र मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. मी स्वतः गाडी घेतली तेव्हा मीही तो विचारला नव्हता.

न विचारण्याचे कारणही सरळ आहे. आपला हा मुलूख कोरडा. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही वेळेवर पडेल असे नाही. समुद्र दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर, मधे सह्याद्रीची भिंत. आजोबांच्या काळचा नांगराचा फाळ गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असतो आणि थोडा घासला की पुन्हा चमकतो. तेव्हा ‘आपल्याकडं गाडी सडत नाही’ असे जे लोक म्हणतात ते खोटे नाही. पण त्यात एक मेख आहे. गाडी आपल्याकडे सडत नसेल. ती आपल्याकडे आली कुठून?

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या बाजूची एक छोटी पेट्रोल मोटार मी विकत घेतली. नऊ वर्षांची होती. रंग असा, की मोडनिंबच्या बसस्थानकासमोर उभी केली तर लोकांना नवी वाटावी. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी आईला डॉक्टरकडे दाखवून परत येत होतो. गाव सात-आठ किलोमीटरांवर राहिले असताना चाक पंक्चर झाले. आई आतच बसून राहिली, मी जॅक काढला, पुस्तकात दाखवलेल्या नेमक्या जागी तो दाराखाली लावला आणि दांडा फिरवू लागलो. जॅक वर चढत होता, गाडी मात्र जागची हलत नव्हती. मग पापड मोडावा तसा कर्रकन् आवाज झाला आणि जॅकचे डोके गाडीच्या पोटात शिरले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी तो भाग फोडून दाखवला. आधी रंगाची साल निघाली, तिच्याखाली बोटभर जाडीची लांबी, तिच्या आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि बोळ्यांच्या मागे तपकिरी भुगा. मिस्त्री म्हणाले, “सर, हितं पत्रा न्हाईच. नुसती लांबी अन् कागूद हाय.” मग जरा थांबून, “आईसाब ह्याच बाजूला बसल्या होत्या न्हवं?” त्या भोकापासून वीतभर अंतरावर, मधल्या खांबाच्या बुडाशी, आईच्या आसनाच्या पट्ट्याचा बोल्ट होता. तोही हाताने हलत होता.

मी भूगोल शिकवतो. मोटारीतला जाणकार नाही. पण त्या दिवसापासून मिस्त्रींच्या आणि आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांच्या मागे लागून जे शिकलो ते इथे मांडतो.

प्रथम हे समजून घ्यावे, की जीप, बोलेरो, सुमो अशा गाड्यांना खाली जाड लोखंडाची वेगळी चासी असते आणि तिच्यावर बॉडी ठेवलेली असते. बॉडीचा पत्रा कुठे खाल्ला गेला तरी गाडीचा कणा शाबूत राहू शकतो. छोट्या मोटारींचे तसे नाही. मारुती ८०० घ्या, किंवा त्याआधीची प्रीमियर पद्मिनी घ्या. त्यांना वेगळी चासी नाही. पत्राच घडी घालून, वाकवून, ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्डिंग करून त्याच्या पोकळ नळ्या केलेल्या असतात आणि त्या नळ्याच गाडीचा सांगाडा. पत्र्याची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी जी पोकळ पट्टी आहे, जिला आपले कारागीर फुटबोर्ड म्हणतात, ती या सांगाड्याची बरगडी. टक्कर झाली तर धक्का तिने झेलायचा असतो. ती कागदाची निघाली तर वरचा रंग कितीही सुरेख असो, आत बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

आता गंज आतून का लागतो ते पाहू. आपली समजूत अशी, की रंग खरचटला, पाणी लागले, गंज चढला. असा गंज दिसतो, म्हणून त्याची भीती कमी. खरा गंज पोकळ नळीत, दुमडलेल्या कडेत, दोन पत्रे एकमेकांवर बसवलेल्या सांध्यात जन्म घेतो. तिथे शिरलेले पाणी वाळत नाही. शिवाय दुसरीही एक गंमत आहे, ती घरी करून पाहता येईल. एक लोखंडी पट्टी घासून अगदी लख्ख करा. तिच्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवा आणि तो वाळू नये म्हणून वर वाटी पालथी घाला. काही तासांनी पाहाल तर थेंबात तांबूस गंजाचे कडे दिसेल. पुसून पाहा : जिथे गंजाचे कडे होते तिथला पत्रा फारसा खाल्लेला नसतो, खाल्लेला असतो मधला भाग. थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू सहज पोचतो, मध्यभागी कमी पोचतो. या फरकामुळे त्या थेंबात विजेची एक चिमुकली बॅटरीच तयार होते. जिथे प्राणवायू कमी तिथले लोखंड विरघळते आणि थोडे पलीकडे जाऊन गंज होऊन बसते. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात हा प्रयोग मांडला आणि गंजाच्या शास्त्राची पुष्कळशी उभारणी त्यावर झाली.

मोटार घेणाऱ्याने यातून एवढेच उचलायचे, की गंज जिथे दिसतो तिथे नुकसान असतेच असे नाही. ते बहुधा शेजारच्या अंधाऱ्या, हवा न लागणाऱ्या फटीत असते. दाराच्या कडेला तांबूस ओघळ दिसला तर ओघळाकडे बघू नये, तो जिथून आला त्या फटीकडे बघावे.

बरे, गंज धरला की तो थांबत का नाही? ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर हवेने एक पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि तोच खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत. तो पाणी धरून ठेवतो आणि मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. म्हणून रंगाला खालून फोड येतात आणि वेल्डिंगचे सांधे फुगून उकलतात. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उभा आहे तो कसा, असे कुणी विचारील. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच आहे, आणि त्यामुळे त्यावर एक संरक्षक थर धरला आहे. कानपूरच्या आयआयटीतले आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला होता. आपल्या मोटारीच्या पोलादात फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेला असतो. तेव्हा तो दाखला इथे लागू नाही.

आता मिठाकडे येऊ, कारण सगळ्या प्रकरणातला खरा खलनायक तोच आहे. विलायतेत आणि अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळवायला मीठ पसरतात. तिकडच्या गाड्यांचे बूड त्याने खाल्ले जाते. १९८० साली ब्रिटनमध्ये लान्सिया कंपनीच्या ‘बीटा’ नावाच्या मोटारींचे इंजिन ज्या चौकटीवर बसते तिच्या जोडण्या गंजल्याचे निघाले. वर्तमानपत्रांत एवढा गवगवा झाला, की कंपनीला कित्येक गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी इथे समुद्रावरचा वाराच ते आणून टाकतो. किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत गेले की हे प्रमाण झपाट्याने उतरते. रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पावसाळा सरला की खारा वारा.

आणि पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. झाकण लावलेले असूनही मीठ पाझरते, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते, ते तर बऱ्याच कोरड्या हवेतही ओले राहते. स्वच्छ लोखंडाला गंज धरायला हवेत साधारण साठ टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो. मीठ बसलेल्या लोखंडाला त्याहून पुष्कळ कमीत भागते. म्हणजे काय झाले, तर मुंबईची मोटार मोडनिंबला आली, ऊन खाऊ लागली, तरी तिच्या फुटबोर्डात बसलेले मीठ काही निघून गेले नाही. ती आपल्याबरोबर थोडा समुद्र घेऊन आली. गंज होताना हे मीठ खर्चही होत नाही, पुन्हापुन्हा तेच काम करते.

म्हणून जुनी मोटार पाहायला गेलात की इंजिनाच्या आधी नंबर वाचा. राज्यातल्या राज्यात गाडी विकली गेली तर नंबर बदलत नाही, आणि हे आपल्या मोठ्या उपयोगाचे आहे. एमएच-१३ म्हणजे आपले सोलापूर. एमएच-०१, ०२, ०३ मुंबई, ०४ ठाणे, ४३ नवी मुंबई, ०६ पेण म्हणजे रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. जीए असेल तर गोवा. गाडीचा जन्म कुठे झाला ते पाटीवर लिहिलेले असते. पुढचा प्रवास आरसी पुस्तकातल्या मालकांच्या क्रमांकावरून आणि सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्यांवरून काढायचा. मधली तीन-चार वर्षे एमएच-१३ ची गाडीही वाशीला नोकरीला असू शकते. किनाऱ्याची गाडी घेऊच नये असे मी म्हणत नाही. पण तिला तपासायला दुप्पट वेळ द्यावा.

पुराचे पाणी ही वेगळी बाब, पण गंजाचीच बहीण. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी बुडाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेकाठी पंढरपूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच माढा-मोहोळातली सीनाकाठची गावे. अशा पाण्यातून निघालेली गाडी साफ करून, अत्तर मारून पुढे दूरच्या गावी विकणे हा काही नवा धंदा नव्हे. तिची ओळख पटवायची तर आसनाचा पट्टा पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून बघा. शेवटच्या हातभर भागावर गढूळ रेघ असेल तर विक्रेत्याला नमस्कार करून घरी यावे. आसनाखालच्या स्प्रिंगा, रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डच्या खालचे बारीक स्क्रू हे सहसा कुणी रंगवत नाही. तिथला तांबूस रंग खरे बोलतो. आणि गाडीत उदबत्तीचा वास जरा जास्तच दरवळत असेल तर नाक खाली नेऊन गालिचाचा वास घ्या.

गाडी सकाळी, सपाट उन्हात आणि कोरडी असताना पाहावी. ओल्या रंगाखाली सगळे दोष लपतात, ट्यूबलाइटखाली निम्मे. कुणी ‘थांबा साहेब, धुऊन देतो’ म्हणाला तर नको म्हणा. आधी मागच्या दिव्यापाशी उकिडवे बसा आणि गाडीच्या अंगावरून पुढे नजर टाका, सुतार फळीची धार पाहतो तशी. कारखान्याचा पत्रा एकसारखा वाहतो. लांबी भरलेली जागा पाण्यावरच्या लाटेसारखी किंचित हलते. मग बोटाच्या पेराने टकटक करत जा. पत्र्याचा आवाज मोकळा, लांबीचा आवाज बसका. पूर्वी कुर्डुवाडीसारख्या जंक्शनवर गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोके मारत जाई आणि आवाजावरून तडा ओळखी. त्यातलाच हा प्रकार.

एक लहान, फारसा जोर नसलेला लोहचुंबक बरोबर न्यावा, रंगावर ओरखडा उठू नये म्हणून फडक्यात गुंडाळून. नुसत्या रंगावर तो चिकटतो, दोन-तीन मिलिमीटर लांबी असेल तर गळून पडतो. बंपर बहुधा प्लास्टिकचा असतो आणि काही गाड्यांचे बोनेट ॲल्युमिनियमचे, तेव्हा तिथे चुंबक पडला म्हणून विक्रेत्याशी भांडू नका. रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्रही काही हजार रुपयांत मिळते. कारखान्याचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा असतो. आकडा पाचशेच्या पुढे गेला की खाली लांबी आहे असे धरावे. गावात चार-पाच जणांत मिळून एक यंत्र घ्यायला हरकत नाही. लग्नातली मोठी पातेली आपण तशीच घेतो की.

मात्र लांबी सापडली म्हणजे लबाडी सापडली, असे नव्हे. दाराच्या मध्यावर लांबी असेल तर म्हशीने शिंग मारले असेल, फटफटी घासली असेल. गंज मध्यावर येत नाही, तो खालून येतो. दाराची तळकड, चाकावरच्या कमानीची आतली धार, फुटबोर्ड, डिकीच्या झाकणाची खालची घडी, या जागी लांबी असेल तर ती गंज झाकायलाच भरली आहे असे समजा. याच जागी मुगाएवढे फोड दिसले तर नखाने दाबून पाहा. फोड वर मुगाएवढा असला तर आत रुपयाएवढे भोक असते.

दार उघडून खालची दुमडलेली कड बोटाने चाचपा. तिथे पाणी निघून जायला बारीक भोके ठेवलेली असतात. ती मातीने किंवा नव्या रंगाने बुजली असतील तर दार हलवा आणि कान द्या. कित्येकदा आत पाणी डुचमळताना ऐकू येते. पायाखालचे रबर उचला, त्याखालचा गालिचा आणि स्पंजही उचला. मालक कुरकुरेल, कुरकुरू द्या. स्पंज ओला आहे का, पत्रा अंगठ्याने दाबला तर दबतो का ते पाहा. डिकीतली स्टेपनी बाहेर काढा. तिच्या खोलगट जागेत मागच्या दिव्याच्या रबरातून पाणी झिरपून साचते आणि वर्षानुवर्षे कुणी तिथे पाहत नाही. बोनेटखाली बॅटरीची बैठक पाहा. ॲसिड सांडून तिच्याखालचा पत्रा चाळणीसारखा होतो. पुढच्या काचेच्या बीडिंगखाली फोड असतील तर सावध, कारण काच काढल्याशिवाय तो गंज दुरुस्त होत नाही. आपल्या भागातल्या गाड्यांना टपावर कॅरियर लावून पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशा यात्रा झालेल्या असतात. कॅरियरच्या पकडी पन्हळीत जिथे बसतात तिथला रंग गेलेला असतो, तोही बघून घ्यावा.

सीएनजी किंवा एलपीजीचे किट बसवलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट. १९७० च्या दशकापासून मोटारींची बॉडी रंगाच्या हौदात बुडवून, वीज सोडून, पोकळ नळ्यांच्या आतपर्यंत अस्तर चढवण्याची पद्धत जगभर पसरली आणि त्याने गाड्यांचे आयुष्य पुष्कळ वाढले. पण नंतर कुणी टाकी बसवायला ड्रिलने भोक पाडले, की त्या भोकाच्या कडेला अस्तर नसते. टाकीचे बोल्ट जिथे आरपार गेले आहेत ती जागा खालून बघायलाच हवी.

खालून. आता मुख्य भागाकडे आलो. गाडीचे बूड पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. मोडनिंब, टेंभुर्णी, मोहोळ, कुठेही रॅम्प असलेले गाड्या धुण्याचे केंद्र सापडते. मालकाला तिथे यायला सांगा, रॅम्पचे पैसे आपण द्या आणि पाण्याचा फवारा मारायच्या आधी खाली जा. ज्याला रॅम्पवर गाडी चढवायला वेळ नाही, त्याची गाडी घ्यायला आपल्यालाही वेळ नाही. हातात विजेरी आणि पेचकस असावा. पेचकसाच्या मुठीने फुटबोर्ड, जॅक लावायच्या जागा, जमिनीच्या पत्र्याच्या कडा, मागचा ॲक्सल आणि पुढची चौकट जिथे बॉडीला जोडली आहे त्या जागा ठोकत जा. चांगले लोखंड टणटण बोलते, सडलेले ठपठप. वरून पापुद्रे पडले तर मालकाच्या परवानगीने टोक दाबून पाहा. ब्रेकच्या बारीक लोखंडी नळ्या शेवटपर्यंत नजरेखाली घाला. त्यांवर खवले असतील तर एखाद्या घाटात ब्रेकचा पाय तळाला जाईल.

सगळे बूड काळ्या डांबरासारख्या लेपाने नुकतेच माखलेले असेल तर आनंदू नका. जुना लेप ठीक, त्यावर धूळ आणि खडीचे ओरखडे असतात. विकायच्या आठवड्यात मारलेला लेप म्हणजे डोळे आल्यावर घातलेला काळा चष्मा.

पण खाली गेल्यावर तांबूस दिसेल ते सगळे पाहून घाबरूनही जाऊ नये. सायलेन्सर गंजतोच. ब्रेकची डिस्क एका रात्रीत तांबडी होते आणि दोन वेळा ब्रेक मारला की पांढरी. ॲक्सलच्या जाड ओतीव भागावर वर्षानुवर्षे पातळ गंज राहतो आणि काही बिघडत नाही. हे भाग जाड आहेत किंवा बदलता येतात. भ्यायचे ते पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याला, जिथे तो भार वाहतो तिथे. फुटबोर्ड, खांबांची बुडे, आसनाच्या पट्ट्यांचे बोल्ट, शॉकअप जिथे वर टेकतात त्या वाट्या आणि चौकटीच्या जोडण्या, यांपैकी एकाही जागी आरपार भोक असेल तर ती गाडी सोडावी, निम्म्या किमतीत देतो म्हणाला तरी. इंजिन दुसरे बसवता येते, गिअरबॉक्स बसवता येतो. सांगाडा बदलणे म्हणजे दुसरी गाडी घेणेच.

चासीच्या गाड्यांची भीती वेगळी. आपली काळी माती चासीच्या पोकळीत आणि चाकाच्या कमानीत जाऊन बसते आणि पोटीससारखी ओल धरून ठेवते. हातोडीने ठोकताना धपधप मातीचा आवाज आला तर ती खरवडून खालचे लोखंड बघावे.

इथे आपल्या गाड्यांबद्दलही थोडे बोलले पाहिजे, नाहीतर सगळा दोष कोकणावर टाकल्यासारखे होईल. एमएच-१३ ची गाडी, सदैव याच भागात राहिलेली, तरी तिची डिकी नीट पाहा. आपण मोटारीतून खताची पोती आणतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. एक पोते फुटले, मूठभर दाणे गालिचाखाली गेले, की अलिबागचा समुद्र मोडनिंबला आला म्हणायचा. उन्हाळ्यात बोअरच्या मचूळ पाण्याने गाडी धुतो, त्यातले क्षार सांध्यात वाळतात. उसाच्या मळीचे डबे, फवारणीचे पंप, तेही डिकीतूनच जातात. मी पाहिलेल्या सर्वांत सडक्या डिक्यांपैकी एक शेजारच्याच गावच्या, समुद्र कधी न पाहिलेल्या मोटारीची होती.

गंज थोडा असेल, भार वाहणाऱ्या जागी नसेल, आणि गाडी एरवी मनात भरली असेल, तर दुरुस्तीचा खर्च पत्रेकामाच्या कारागिराकडून आधी विचारून घ्यावा आणि तो किमतीतून वजा करावा. दुरुस्ती म्हणजे सडलेला भाग चांगले लोखंड लागेपर्यंत कापून काढणे, नवा पत्रा वेल्ड करणे, दोन्ही बाजूंनी जस्ताचे प्रायमर मारणे आणि पोकळीत मेण किंवा तेलकट लेप फवारणे. नुसती घासून लांबी भरलेली जागा एक पावसाळा काढते. विकणाऱ्याला तेवढाच हवा असतो. कागदपत्रांचाही विचार इथेच करावा. पंधरा वर्षे झालेल्या मोटारीची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले. पर्यावरण कर वेगळा. तपासणीत बूड सडलेले निघाले तर अडचण नव्या मालकाची होते. तेव्हा तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त का आहे, हे स्वतःला एकदा विचारावे.

माझ्या गाडीचे फुटबोर्ड मिस्त्रींनी दोन्ही बाजूंनी कापून नवे केले, पट्ट्याच्या बोल्टाखाली जाड पट्टी घातली. खर्च एवढा आला, की तेवढ्यात दुसरी बरी गाडी मिळाली असती. आई पुन्हा त्या बाजूला बसायला तयार होत नव्हती, म्हणून मीच एक दिवस तिच्या देखत त्या जागी जॅक लावून गाडी उचलून दाखवली. आता दरवर्षी मृगाच्या आधी एका रविवारी दारांच्या तळाची भोके मोकळी करतो. त्याला हत्यार वगैरे काही लागत नाही, उदबत्तीची काडी पुरते.